जास्तीचा खण

आकाशने यूपीएसच्या चालू कपाटाचा एक खण धरून सरळ बाहेर खेचला. सुगंधाताईंची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली. कपाटाला जोडलेले दिवे मात्र तसेच जळत राहिले.

"हेच दाखवायचं होतं," आकाश म्हणाला. यूपीएस विकणाऱ्या कंपनीचा तो इंजिनिअर. "तुमच्या सहा मशीनना तीन खण पुरतात. चौथा जास्तीचा. लाइट नसताना एक बिघडला तरी बाकीचे सांभाळून घेतात. आणि पुढे मशीन वाढल्या तर खण वाढवायचे."

"आणि तो दुसरा, अखंड?" जयवंतरावांनी विचारलं. भांडुपच्या त्या छोट्या डायलिसिस केंद्राचे ते सचिव. खरेदीवर दोन सह्या लागत, एक त्यांची आणि दुसरी सुगंधाताईंची. ताई तिथल्याच निवृत्त हेडसिस्टर.

"तो एकच डबा. आज घ्याल तेवढीच ताकद कायमची."

"मला तोच बरा वाटतो. फ्रीजसारखा बसवला की विसरा. हे म्हणजे काष्ठौषधीवाल्याचं खणाखणांचं कपाट."

"फ्रीज बंद पडला तर दूध नासतं, जयवंतराव," ताई म्हणाल्या. "इथे दूध नाही."

त्यांना जुनं आठवलं. केंद्र शाळेमागच्या दोन खोल्यांत होतं तेव्हाची एक दुपार. वीज गेली आणि पाठोपाठ बॅटरीचा एकुलता डबाही मुका झाला. नळ्यांतलं रक्त थांबलं की गोठतं, म्हणून पंप हाताने फिरवायचे. पाच रोगी, चार सिस्टर. ताई दोन पंपांच्या मध्ये उभ्या राहून दोन्ही हातांनी दोन दांडे फिरवत होत्या. डावा हात मागे पडला. डावीकडच्या बाईचं पावशेर रक्त नळ्यांतच गेलं. आधीच अशक्त बाई, तिने आठवडाही काढला नाही. तिच्या पोलक्याची बाही ताईंना अजून आठवायची.

खणांचंच कपाट आलं.

चार महिन्यांनी जयवंतराव ताईंसमोर मंजुरीचा एक कागद घेऊन बसले.

"दोन मशीन देणगीत मिळतायत. तुमचं ऐकलं ते बरं झालं हो. तो डबा घेतला असता तर सहावरच अडकलो असतो. आता चौथा खण नुसता बसून खातोय, त्याला कामाला लावू."

ताईंनी तिथूनच आकाशला फोन लावला.

"चालतील ना आठ," तो म्हणाला. "फक्त मग जास्तीचा कोणी उरत नाही, मॅडम. लाइट गेलेली असताना एक खण बसला, तर उरलेल्या तिघांना आठ झेपणार नाहीत. सगळंच बंद पडेल. पाचवा मागवा. तो बाहेरून येतो, तीन महिने धरा. तोवर थांबा."

"तीन महिने थांबा म्हणतोय," ताईंनी फोन ठेवत सांगितलं.

"थांबू की." जयवंतरावांनी प्रतीक्षायादी त्यांच्यापुढे सरकवली. "पहिलं नाव तेवढं वाचा."

ताईंना वाचायची गरज नव्हती. पहिलं नाव दत्तारामांचं, त्यांच्या नवऱ्याचं. आठवड्यातून तीनदा दोघं भांडुपहून जुहूला जात. परतताना दत्ताराम रिक्षात त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पडत आणि पवईच्या सिग्नलला उलटी ठरलेली. गेल्या मंगळवारी ते चप्पल घालून दारापर्यंत आले आणि खाली बसले. मला नाही जायचं, म्हणाले. शेजारच्या दोघांनी उचलून न्यावं लागलं.

"तारखेनुसारच आहे हं यादी," जयवंतराव म्हणाले. "वशिला नाही."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. कागदावर शेऱ्यासाठी चार ओळी कोऱ्या होत्या. आकाशचं म्हणणं एका ओळीत मावलं असतं. त्यांनी त्या ओळी तशाच सोडून खाली सही केली.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा दत्ताराम खिडकीशी बसून मोजून दिलेलं पाणी घोट घोट पीत होते.

"सोमवारपासून आपल्या केंद्रात," ताई म्हणाल्या. "चालत दहा मिनिटं."

दत्तारामांनी भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत डायलिसिसची खुर्ची एकाच तऱ्हेने रिकामी होताना त्यांनी पाहिली होती.

"कोण गेलं गो?"

"कोणी नाही. दोन वाढवल्या."

"खरंच?" ते बऱ्याच दिवसांनी हसले. "मग बरं. नाहीतर दुसऱ्याच्या जागेवर बसायला जिवावर येतं."

ताई आत गेल्या आणि सोमवारची पिशवी भरू लागल्या. चादर, फाइल, बिस्किटांचा पुडा. मग कपाटाच्या तळातून त्यांनी आपले ड्युटीचे पांढरे बूट काढले. निवृत्तीनंतर ते त्यांनी पायात घातले नव्हते. फडक्याने पुसून त्यांनी तेही पिशवीत ठेवले.

"ते कशाला?" दत्तारामांनी बाहेरून विचारलं. "तुला तर नुसतं शेजारी बसायचंय."

"फरशीवर घसरत नाहीत," ताई म्हणाल्या.