पेन्यांच्या बशीचा संशय

मित्रांनो, मी कप नसलेली एक जुनी बशी आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि तळाच्या निळ्या फुलाचा फक्त देठ उरला आहे. बाकीचे फूल नाण्यांनी घासून नेले. ओहायोतल्या एका भट्टीत मी भाजले गेले तेव्हा माझ्या जोडीला कप होता. तो इडा प्रूएटबाईंच्या हातून फुटला. एकट्या बशीचे करायचे काय, म्हणून त्यांनी मला मिसूरीतल्या टॅनर्स क्रॉसिंग गावी, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्याशेजारी आणून ठेवले आणि माझ्यापुढे एक पुठ्ठा लावला: 'लागली तर घ्या, उरली तर ठेवा.'

लागायची आणि उरायची ती पेनी, म्हणजे एका सेंटचे तांब्याच्या रंगाचे नाणे. सुटे कमी पडले की गिऱ्हाईक माझ्यातली पेनी उचलते, जास्त झाले की माझ्यात टाकते. ऐकायला किती छान वाटते! पण मी हात ओळखते. दुकानात चार माणसे असली की नाणे उंचावरून खणकन पडते. कुणी नसले की दोन बोटे हळूच येतात आणि गरजेपेक्षा जास्त घेऊन जातात. म्हणून मी संशयी झाले. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचेही तेच झाले असते.

इडाबाई गेल्यावर दुकान त्यांच्या सुनेकडे, लव्हॉनकडे आले. ती संशयात माझ्याही वरताण. खिळे ती तागडीत दोनदा तोलायची, पण शनिवारी सगळ्यांना पॉपकॉर्न मात्र फुकट वाटायची. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. पुढे जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे एक अवाढव्य दुकान झाले. तिकडे विक्रीकर आमच्यापेक्षा कमी. गिऱ्हाइके पांगली आणि माझ्यात पेन्यांऐवजी चॉकलेटचे कागद आणि कुणाचे तरी तुटके बटण पडून राहिले. लव्हॉनला एकच धास्ती होती, की आणखी थोडा कर वाढला तर दुकानाला कुलूपच लावावे लागेल. अशा वेळी गावचे नगराध्यक्ष ऑरव्हल केसिंजर कोटाला बिल्ला लावून दुकानात आले. बिल्ल्यावर लिहिले होते, 'फक्त एक पेनी!'

ऑरव्हल आणि लव्हॉन शाळेत एका बाकावर बसलेले. त्याने खिशातून पेनी काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यात टाकली. उंचावरून, अर्थात.

"लव्हॉन, गावातले पाण्याचे पाइप आपल्या आजोबांच्या वेळचे आहेत. ते बदलायला विक्रीकर एवढासा वाढवायचाय, गावानं मतदानात 'हो' म्हटलं की झालं. अगं, एक पेनी!"

"पोहण्याच्या तलावाच्या वेळीही असंच सांगितलं होतं. त्या तलावात आता बेडूक पोहतात, आणि कर अजून भरतोयच आम्ही."

"ते माझ्या आधीच्या नगराध्यक्षाचं काम."

"खुर्ची तीच आहे ना? मग मेली ती खुर्चीच खोटं बोलत असेल!"

ऑरव्हल हसला, पण हटला नाही. रोज कॉफीचा पेला घेऊन यायचा आणि माझ्यात एक पेनी टाकून जायचा. आणि मित्रांनो, गाव भुलले! एका खरेदीला एक पेनी, असेच सगळे धरून चालले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणू लागले, अशीच एक टाकायची, त्यात काय मोठेसे? माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण कर खरेदीवर नव्हता, डॉलरवर होता. दर डॉलरला एक पेनी. हे सांगायला मला तोंड असते तर!

ते काम लव्हॉनने केले. एका शनिवारी वेन्डेल योकम पाण्याचा गीझर घ्यायला आला. हा शेतकरी गावच्या अग्निशामक दलातही होता, बिनपगारी. गीझरची किंमत सहाशे डॉलर. ऑरव्हल तिथेच पॉपकॉर्न खात उभा होता.

"ऑरव्हल, वेन्डेलच्या गीझरवरचा तुझा नवा कर टाक बघू बशीत," लव्हॉन म्हणाली.

त्याने ऐटीत एक पेनी टाकली.

"झाला?"

"झाला की."

"अजून पाचशे नव्व्याण्णव राहिल्या रे राजा."

दुकानात हशा पिकला. लव्हॉनने गल्ल्यातल्या पेन्यांच्या पुड्या फोडल्या आणि माझ्यावर ओतल्या. मी भरले, वाहिले, नाणी रंगाच्या डब्यांखाली गडगडत गेली. वेन्डेल डोळे फाडून बघतच राहिला. "याला तुम्ही एक पेनी म्हणता होय?" तो म्हणाला. ऑरव्हलचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून गावात घरोघर 'नाही' अशा पाट्या लागल्या. खरे सांगते, मला फार गुदगुल्या झाल्या. बरी खोड मोडली, असे वाटले.

पण ऑगस्टमध्ये भर दुपारी नदीनच्या लाँड्रीला आग लागली. नदीन फाउट्स ही लव्हॉनची शेजारीण. दोघींच्या दुकानांत एकच भिंत. वेन्डेल आणि त्याचे सोबती धावत आले, त्यांनी रस्त्याकडेच्या, आगीसाठी ठेवलेल्या लाल नळाला होजचा लांब पाइप जोडला आणि नळ सोडला. थोडा वेळ पाणी आले. मग होज वेन्डेलच्या हातात मऊ पडला आणि पाण्याची धार बुटांपर्यंतही जाईना. शेजारच्या गावाचा टँकर येईपर्यंत लाँड्रीचे छप्पर खाली आले होते. आमची भिंत इतकी तापली की माझ्यातली नाणीही गरम झाली. मी खूप घाबरले होते.

संध्याकाळी नदीन काळवंडलेल्या हातांनी आमच्या पायरीवर बसली. लव्हॉनने तिला पाणी दिले.

"तू गावाला हसवलंस ना गं," नदीन म्हणाली. "मीही हसले होते. आता सांग, हसू की रडू?"

"पाइप खराब आहेत हे मला कुठे नाकारायचंय? ऑरव्हलवर विश्वास नाही माझा."

"माझाही नाही. पण पाणी काय त्याच्या घरचं आहे?"

लव्हॉनने तिचा रिकामा पेला पुन्हा भरला. शंका घेणे मला चांगलेच जमत होते, पण नुसत्या शंकेने कुणाचे छप्पर वाचले नव्हते.

मतदानाला ठेवायचा मजकूर नगरपालिकेने दारावर लावला होता. लव्हॉनने तो चष्मा पुसून वाचला आणि दुकानात येऊन वेन्डेलला म्हणाली, "ऐक. 'पाण्याचे पाइप इत्यादी सुधारणांसाठी.' हा इत्यादी कोण?"

"पाइपचा भाऊ असेल," वेन्डेल म्हणाला.

"तलावाच्या वेळीही हाच होता. तलाव इत्यादी! तलाव अर्धा राहिला आणि इत्यादीत नगरपालिकेला गालिचे आले, फिरत्या खुर्च्या आल्या."

नगरपालिकेच्या सभेला ती मला घेऊन गेली. आयुष्यात प्रथमच मी दुकानाबाहेर पडले. तिने मला रिकामी करून ऑरव्हलच्या पुढ्यात ठेवले.

"हिच्यात हात घालणारा सगळ्यांना दिसतो," ती म्हणाली. "हिला झाकण नाही. तुमच्या पैशांच्या पेटीला आहे आणि त्या झाकणाचं नाव इत्यादी. तो शब्द काढा. पाइप म्हणजे पाइपच. आणि कर कधी संपणार ते लिहा. मग मी स्वतः 'हो' म्हणेन."

"अगं, अडीअडचणीला थोडी मोकळीक नको का?" ऑरव्हल म्हणाला.

"तुझ्या मोकळिकीवर बसूनच बोलतेय ना रे मी! खुर्ची फिरते बघ."

मागच्या बाकांवरून लोक हसले. पण नदीन उठून उभी राहिली तेव्हा सगळे गप्प झाले. ती काही बोललीच नाही, नुसती उभी राहिली. बरीच कुजबुज झाली, एक सभासद रागावून निघून गेला, आणि शेवटी तो शब्द खोडला गेला. कर दहा वर्षांनी संपेल असेही लिहिले गेले.

लव्हॉनने दिलेला शब्द पाळला. कर मंजूर झाला, थोडक्या मतांनी. आणि तिची धास्तीही अर्धी खरी ठरली. काही गिऱ्हाइके हद्दीपलीकडे गेली ती परत आलीच नाहीत. वेन्डेलच्या गाडीत मागे पलीकडच्या दुकानातला पंप होता, तो तिने काचेतून पाहिला. त्याने मान खाली घातली. तिला वाईट वाटले. दुकान कसेबसे चालू राहिले, शनिवारचा पॉपकॉर्न मात्र बंद झाला.

रस्ता खणला गेला तेव्हा ती रोज खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहायची. कोणता पाइप, कुठून आला, जुना का नाही काढला? मजूर तिला बघून कपाळाला हात लावायचे. अखेर पाइप जोडले गेले. चाचणीच्या दिवशी लाल नळ उघडला आणि पाण्याचा असा लोट सुटला की समोरच्या झाडाची पाने गळाली. नदीन चिंब भिजली. ती हसत होती आणि रडतही होती.

ऑरव्हल आमच्या दारात आला. "आता तरी खूश ना?"

"कर कधी संपणार?"

"लिहिलंय की."

"तोंडानं सांग. सगळ्यांसमोर."

त्याने वर्ष सांगितले. लव्हॉनने बोटांवर काहीतरी मोजले आणि हळूच म्हणाली, "तोवर मी असेन की नाही कोण जाणे. तू तरी कुठे असशील? मग त्या दिवशी विचारणार कोण?"

पाणी रस्त्यावरून वाहत होते.

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या तळाशी राहिला आहे. गावाला पाणी हवे, रस्ते हवेत, तेव्हा हात आखडू नका. पण पैसे दिले म्हणून डोळे मिटू नका. एकदा 'हो' म्हणून आपले काम संपत नाही, दिलेले कुठे गेले हे विचारत राहावे लागते. मी साधी बशी. मला सगळे दिसते, पण विचारता येत नाही. तुम्हाला येते.