अत्तरवाल्याचं वाक्य

सकाळचे डबे भरून झाले की थोरली जाऊ आधी खिडकीच्या फटीत ओलं फडकं खोचायची आणि मग चहा गाळायची. वस्तीतल्या सगळ्याच घरांत तसं करत. भिंतीपलीकडे तेलापासून प्लॅस्टिकचे दाणे करणारा कारखाना होता, आणि चिमणीचा वास घरात शिरला की चहाचीही चव जायची.

"ताई, आज गोड वास आहे," धाकटी जाऊ नाक वर करून म्हणाली.

"गोडच वाईट गं. कुजका निदान तोंडावर सांगतो तरी, मी वाईट आहे म्हणून."

दोघी हसल्या. धाकटीची छोटी लेकही हसली आणि हसता हसता खोकत बसली. तिचा खोकला थांबेपर्यंत दोघींचं हसू पार विरून गेलं.

थोरली वस्तीतल्या बालवाडीत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. तिथली मुलं एक खेळ खेळत. एकाने कारखान्याचा भोंगा व्हायचं. भोंगा वाजला की बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावून खाली बसायचं. भोंग्याआधीच नाक झाकलं तो बाद. हा खेळ त्यांना कोणी शिकवला नव्हता. जगातली सगळी मुलं हाच खेळतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत बाईंना छळत असे.

कारखाना आता दुप्पट वाढणार होता. त्याआधी सरकारी साहेब सुनावणी घेणार होते. तिथे उभं राहून सांगायचं, आधी बाहेरच्या माणसांकडून इथली हवा तपासून घ्या, मग काय ते वाढवा, असं बाईंनी आणि वस्तीतल्या बायकांनी ठरवलं होतं. नवरे त्याच कारखान्यात नोकरीला. म्हणून हा बेत स्वयंपाकघरांत, कुकरच्या शिट्ट्यांआड शिजत होता.

त्याच दिवशी बालवाडीत कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी आला. तो आला की अत्तराचा असा घमघमाट सुटे की बायकांनी त्याचं नावच अत्तरवाला ठेवलं होतं. मुलांसाठी त्याने घसरगुंडी आणली होती. ती अंगणात उतरवून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सांगतो. तुमच्या स्वयंपाकघरात जे बोललं जातं, ते आमच्यापर्यंत येतं. अगदी तुमच्या जवळच्या माणसाकडून. नाव विचारू नका, घर मोडेल."

बाई घरी आल्या त्या डोक्यात भुंगा घेऊनच. जवळचं माणूस कोण? धाकटीच्या नवऱ्याला गेल्याच महिन्यात कारखान्याने कायम केलं होतं. तिच्याकडे नवा मिक्सर आला होता. परवा बाई आत येताच तिने फोन खाली ठेवला होता. आतापर्यंत साध्या वाटलेल्या गोष्टी एकेक करून दात दाखवू लागल्या.

बाईंनी बोलणं आखडलं. धाकटीनेही आखडलं. चहा दोन वेगळ्या भांड्यांत होऊ लागला. बाईंचा नवरा कारखान्याची बस चालवायचा. तोही जेवताना ताटाशीच बोलल्यासारखा बसे. बेतात सामील असलेली इस्त्रीवाली येईनाशी झाली. किराणावाली समोरून येताना दिसली की पदर सावरत गल्ली बदलायची. बेत सगळा थंडावला. कोणी कोणाशी भांडलं नव्हतं, तरी वस्ती फुटली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी छोटीचा श्वास अडकला. ओठ निळसर पडले. धाकटीने तिला उचललं, बाईंनी दवाखान्यातून आणलेलं वाफेचं यंत्र लावलं, आणि दोघी तिची पाठ चोळत राहिल्या. पोरीच्या छातीतली शिट्टी हळूहळू उतरली, तशी बाईंची जीभ सुटली.

"जा, सांग आता तुझ्या अत्तरवाल्याला, पोरगी वाचली म्हणून!"

"माझ्या?" धाकटी ताडकन उठली. "तुमच्या म्हणा! घसरगुंडी कोणाच्या दारात आली? त्यानेच सांगितलं मला, स्वयंपाकघरातलं सगळं त्यांच्यापर्यंत जातं, जवळच्या माणसाकडून. नाव विचारू नका..."

"...घर मोडेल," बाईंनी वाक्य पुरं केलं.

धाकटी पुन्हा छोटीजवळ बसली. "मी फोनवर आईशी बोलत होते हो, ताई. तुमच्याबद्दलच रडत होते."

"आणि मी तुझ्या मिक्सरवर डूख धरून बसले! अगं, बायका स्वयंपाकघरात बोलतात हे कळायला हेर कशाला लागतो? फेरीवाल्याने प्रत्येकीला सांगावं, ही साडी फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलीय, तसं झालं."

दुसऱ्या दिवशी वस्तीजवळच्या सुनावणीच्या दालनात खिडक्या बंद होत्या आणि पंखे गरगरत होते. मागच्या रांगांत कारखान्याच्या बसने आणलेले कामगार बसले होते, टाळ्या वाजवायला. धाकटी छोटीला मांडीवर घेऊन बसली होती. अत्तरवाला दारात हात जोडून उभा होता.

नाव पुकारल्यावर बाई उठल्या. "साहेब, हवेचं नंतर बोलते. आधी एक विचारू द्या." त्या लोकांकडे वळल्या आणि अत्तरवाल्याचं वाक्य त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. मग बालवाडीत विचारतात तसं विचारलं, "हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय, त्यांनी हात वर करा बघू."

धाकटीचा हात लगेच वर गेला. मग इस्त्रीवालीचा. किराणावालीने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच केला. मग मागच्या रांगांतून, टाळ्या वाजवायला आणलेल्यांतून, एक हात वर आला. तो बाईंच्या नवऱ्याचा होता. तो खाली मान घालून बसला होता, पण हात त्याने खाली घेतला नाही.

बाई पुन्हा साहेबांकडे वळल्या. "साहेब, आता एवढ्या खिडक्या उघडा. आमचं म्हणणं आपोआप आत येईल."

साहेबांनी शिपायाला खूण केली. गोड वास हळूहळू आत पसरला. अत्तरवाल्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"भोंगा कुठे झालाय अजून?" छोटी मांडीवरून ओरडली. "काका बाद!"

दालनात कोणीही हसलं नाही. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे, आणि बाईंना म्हणाले, "बोला."