वाट्याला आलेला रविवार

गल्लीत तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. तळमजल्यावरच्या एका खोलीत ती जुनी पुस्तकं नव्याने बांधून द्यायची. पानं शिवणं, पाठीला खळ लावणं, पुठ्ठा चढवणं हे तिचं. कडा कापायचं जड यंत्र चालवणं हे नवऱ्याचं. पण मुलगी शिकायला वसतिगृहात गेली आणि दोघांच्या कमाईत तिचं भागेना, तसा तो दूरच्या शहरात मोठ्या छापखान्यात नोकरीला लागला. दोन महिन्यांतून एकदा यायचा. बाई कापायचं काम कसंबसं एकटीच ओढायची.

एका दुपारी सांख्यिकी कार्यालयातली एक तरुणी पाहणीसाठी आली. बाईने पुस्तकांचा ढीग बाजूला सारून तिला बसायला जागा केली.

"इथे कामाला किती जण?"

"दोघं," बाई म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "नाही, एकटी मीच."

"बरं, कमाईतला तुमच्या कामाचा मोबदला किती आणि यंत्राचा, जागेचा किती, अंदाजे सांगाल?"

"यंत्र माझं, हातही माझेच. दुधात साखर विरघळल्यावर दूध किती न् साखर किती, कसं सांगू?"

"आमच्या साहेबांचीही हीच पंचाईत होते," तरुणी हसली.

चहा घेता घेता तिने समजावून सांगितलं. देशाच्या एकूण उत्पन्नातला जो भाग काम करणाऱ्यांच्या हाती पडतो, तो श्रमाचा वाटा. बाकीचं यंत्रांच्या, जागांच्या मालकांकडे जातं. नोकरदाराचं सोपं असतं, त्याचा अख्खा पगार श्रमात धरायचा. घोडं अडतं ते स्वतःचा धंदा करणाऱ्यांपाशी.

"म्हणजे आमच्या ह्यांचा पगार सरळ त्यात जातो?"

"हो. पण गेली काही वर्षं तो वाटा घसरतोय. माल जास्त निघतो, पगार मात्र तेवढे वाढत नाहीत."

तरुणी गेली, तरी बाईचं मन तिथेच घुटमळत राहिलं. नवऱ्याच्या छापखान्यात नवं यंत्र आलं होतं. कागद एकीकडून आत, बांधलेलं पुस्तक दुसरीकडून बाहेर. त्याच्या खात्यातली निम्मी माणसं घरी बसली. तो टिकला म्हणून दोघांनी देवाचे आभार मानले होते. पण उरलेल्यांवर कामाचा डोंगर आला आणि रजेला कात्री लागली. गेल्या वेळी तो आला त्याला चार महिने होऊन गेले होते. तिच्या वाट्याचा माणूसही त्याच उतारावरून घसरत चालला होता, आणि ते मोजायला कोणी येणार नव्हतं.

संध्याकाळी तिने फोनवर त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. जेवायला बसलो की अजूनही दोन ताटं घेतो बघ. मग एक परत ठेवून येतो."

इतक्या दिवसांत असं काही तो कधी बोलला नव्हता.

"मग या ना घरी."

"आणि पोरीचं शिक्षण?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाचनालयात गेली. तिथल्या फाटक्या पुस्तकांचं मोठं काम तिने 'एकटीला झेपणार नाही' म्हणून नाकारलं होतं. आता ते तिने घेतलं. ग्रंथपालांनी विचारलं, "कराल ना वेळेत?" ती म्हणाली, "करू."

खोलीत पुस्तकांच्या थप्प्या लागल्या. तिने ठरवून फक्त शिवण आणि खळ उरकली, कडा तशाच ठेवल्या. नवऱ्याला फोनवर म्हणाली, "कापायचं राहिलंय. माझे खांदे आता साथ देत नाहीत." ते निम्मं खरं होतं.

साहेबाच्या बऱ्याच हातापाया पडून तो शनिवारी रात्रीच्या गाडीने निघाला. रविवारी सकाळी आला तो हातपाय धुऊन थेट यंत्रापाशी उभा राहिला. दिवसभर ती थप्पी सरकवायची, तो कापायचा, कागदाच्या पट्ट्या पायाशी साचायच्या. मध्येच तो म्हणाला, "शिवण अजून तशीच बारीक घालतेस."

"बघायला कोण होतं?" ती म्हणाली.

निघताना त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "पोरीची शेवटची परीक्षा होऊ दे. मग बघू."

"बघू नका, या."

तो मान डोलावून गेला. बाईने झाडू घेतला. पण त्याने कापलेल्या त्या पट्ट्या लोटायला मन होईना. त्या तिने सोमवारपर्यंत तशाच राहू दिल्या.