पोह्यांना पाच स्टार

आमचे हे म्हणजे देवळातल्या प्रसादातही खोट काढणारे. कंपनीत माल तपासायची नोकरी, ती तपासणी घरापर्यंत आणली. पोरगी कॉलेजात जाण्याइतकी मोठी झाली, तरी रोज सकाळी पोह्यांची बशी चाटूनपुसून खातात आणि वर एकच शेरा, "मीठ जरा कमी." दुसरा शब्द नाही. मीही मीठ कधी वाढवलं नाही. हट्ट मलाही आहे.

यंदा कंपनीने त्यांना चार महिने ऐरोलीला पाठवलं. मुक्काम एका बेताच्या हॉटेलात. इकडे साताऱ्यात घर कसं शांत झालं म्हणून सांगू! फोन यायचा तो गाऱ्हाण्यांचा. गिझर कोमट, लिफ्ट अडते, उशीला वास येतो. एकदाच फक्त सकाळी सकाळी विचारलं, "सुनयना, तू पोहे किती वेळ भिजवतेस?"

"भिजवत नाही. चाळणीत धुते आणि निथळत ठेवते."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. माणसाला घराची आठवण येतेय असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

परत आले, आणि आठ दिवसांनी आमची प्रियदर्शिनी मोबाईल नाचवत आली. "आई, बाबांनी हॉटेलला रिव्ह्यू लिहिलाय. पाच स्टार दिलेत."

मी चष्मा लावून वाचलं. 'खोल्या लहान. लिफ्टची तक्रार केली आहे. रिसेप्शनवरच्या शायमा मॅडम नम्र. पोहे उत्तम. असे पोहे बाहेर मिळत नाहीत.'

तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तम! हा शब्द या माणसाला येतो हेच मला माहीत नव्हतं.

"हे काय?" मी मोबाईल पुढे धरला.

"ती रिसेप्शनवरची पोरगी रिव्ह्यूसाठी फार मागे लागली होती," पेपरामागून आवाज आला.

"मग पोहे काय तिनं केले होते?"

पेपराचं पान उलटलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्यासारखीवरूनच म्हणत असणार. मला रडू आलं, पण कांदा चिरायला घेतला म्हणजे कोणी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, ऐरोलीजवळच, कोपरखैरण्याला. आम्ही गेलो. ह्यांना आठवलं, लॅपटॉपचा जादा चार्जर हॉटेलातच राहिलाय. "मी आणते," म्हटलं. हे "कशाला, कशाला" करत राहिले आणि मी रिक्षात बसलेसुद्धा. त्या पोह्यांचं तोंड मला एकदा बघायचं होतं.

शायमाने चार्जर काढून दिला. "मॅडम, सरांनी माझं नाव टाकलं ना, मॅनेजर एकदम खूश झाले. नाश्ता करून जा."

पोहे आले. मी चमच्याने उकरून बघितले. शेंगदाणे आधी तळून बाजूला ठेवलेले. वर दुधाचा हबका मारलेला, त्यामुळे दाणा न् दाणा मऊ. ओलं खोबरं कोथिंबिरीच्या आधी घातलेलं. पहिला घास घेतला आणि हात थांबला. हे पोहे माझे होते.

"कोणी शिकवले?"

शायमाने आचाऱ्याला बोलावलं. मिथुन त्याचं नाव. "तुमच्या साहेबांनी. पहिल्या आठवड्यात प्लेट घेऊन डायरेक्ट किचनमध्ये आले. बोलले, याला पोहे नाय बोलत. मग रोज उभं राहून करून घेतले." तो जरा घुटमळला. "फक्त मीठ कमी पडतं मॅडम. कस्टमर कम्प्लेंट करतात. मी साहेबांना बोललो, वाढवू का? तर बोलले, वाढवायचं नाय. आमच्या घरी एवढंच असतं."

माझे डोळे भरून आले.

शायमा घाबरली. "मॅडम, मीठ आणू?"

"नको गं," म्हटलं आणि बशी संपवली.

बहिणीकडे परतले तर हे दारातच. "मिळाला चार्जर?"

"मिळाला. नाश्ताही केला."

ह्यांनी चार्जरची वायर उलगडायला घेतली. उलगडली, परत गुंडाळली. मग हळूच विचारलं, "कसे होते पोहे?"

"चांगले होते. मीठ जरा कमी."

"मग इतकी वर्षं मी काय सांगतोय?" हे म्हणाले.