शेजाऱ्यांना कळायला नको

जपानी शिकायचं पुस्तक उघडायला रोवेना घाबरायची. आता पुस्तकाला काय घाबरायचं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं जपानात, यामागाताच्या डोंगरातल्या खेड्यात परदेशी सून म्हणून येऊन बघावं, मग बोलावं.

फिलिपिन्सहून ती होन्मांच्या घरात आली त्याला दोन हिवाळे झाले होते. नवरा शिगेकी तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचा, आणि थंडीत तर तोही नसायचाच. पहाटेच बर्फ काढायच्या यंत्रावर निघून जायचा. त्या घरघराटात त्याला फोनसुद्धा ऐकू यायचा नाही. उरायच्या दोघीच, रोवेना आणि सासू मित्सुए. मित्सुए अर्धे शब्द गिळून बोलायची, आणि उरलेल्या अर्ध्यांत टोमणे असायचे.

शिकवणी गावात कुठली! जुन्या बाजारातून आणलेलं एक पुस्तक, मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ आणि दार लावलेलं न्हाणीघर, एवढीच तिची शाळा. पहिल्या दोन अक्षरमाला कशाबशा डोक्यात शिरल्या. तिसरी लिपी, ती चिनी चित्राक्षरं, नुसती बघितली तरी धडकी भरायची. पुस्तकातली माणसं तर भलतीच. सारखी एकमेकांना आपलं नाव सांगायची, देश सांगायची, नाहीतर स्टेशनचा रस्ता विचारायची. या गावात स्टेशन होतंच कुठे?

"आत कुणाशी बोलतेस गं? भुताशी?" मित्सुए बाहेरून ओरडायची.

"अभ्यास करते, आई."

"भूतच बरं. निदान त्याला आपली भाषा तरी येत असेल!"

रोवेना आवाज आणखी खाली आणायची. सासूसमोर एक वाक्य पुरं बोलायची तिची छाती नव्हती.

जानेवारीतली सकाळ होती. मित्सुए पिंपातून लोणच्याचा मुळा काढत होती. मुळा हातातून निसटला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकलेली तशीच खाली बसली. तोंडाची एक बाजू ओघळली होती. असं तोंड रोवेनानं आधी एकदा बघितलं होतं, स्वतःच्या बापाचं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता आणि बाप हातचा गेला होता.

तिनं मोबाइल उचलला. मित्सुएनं डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको," ती बोबडं बोलली. "सायरन वाजेल. शेजाऱ्यांना कळायला नको. जरा पडते, बरं वाटेल."

या गावात दारात अँब्युलन्स येणं म्हणजे दवंडी पिटणंच. कित्येक जण फोनवर विनवण्या करतात की सायरन वळणावरच बंद करा. माणूस मरायला टेकलेला असतो आणि घरच्यांना लाज कसली, तर आवाजाची!

आणि खरं सांगायचं तर रोवेनाला ते 'नको' गोड वाटलं. सासूनंच सांगितलं, मग आता फोनवर बोलायला नको! ती मुकाट बसून राहिली. मनातल्या मनात वाक्य जुळवत होती, ते जुळत नव्हतं, आणि समोर मित्सुएचे डोळे जड होत चालले होते. मग मनगटावरची ती पकड सैल झाली आणि हात जमिनीवर पडला.

आता मात्र रोवेनानं आग-अँब्युलन्सचा नंबर लावला.

"आग की अँब्युलन्स?" पलीकडचा माणूस भरभर बोलला.

डोकं पार रिकामं झालं. तोंडातून पहिला धडा बाहेर पडला, अगदी घोकल्यासारखा. "नमस्कार. माझं नाव रोवेना. मी फिलिपिन्सहून आले आहे. मला सांभाळून घ्या."

अगं मूर्खे! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पलीकडून तोच आवाज आता सावकाश, एकेक शब्द सुटा करत आला. "रोवेनाबाई, आजारी कोण आहे?"

"आई. तोंड वाकडं. बोलत नाही."

"घर कुठे?"

"होन्मा."

"कोणते होन्मा?"

वाडीत सगळेच होन्मा! पत्ता तिच्या ओळखपत्रावर होता, पण त्याच चित्राक्षरांत. त्या रेघांकडे ती बघत राहिली आणि तिला रडू फुटलं. मग फोन कानाशी तसाच धरून ती घरातल्या चपलांनीच बर्फात धावली.

"आई! आमची आई! कुणीतरी या हो!"

शेजारच्या हारुए काकू बर्फाचं फावडं टाकून आल्या. एक नजर आत टाकली, फोन हिसकावून घेतला. "वरच्या विहिरीचे होन्मा! लवकर या!" प्रत्येक घराला असं एक नाव होतं. ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्या घरच्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं.

सायरन बोंबलत आला. सगळी दारं उघडली. स्ट्रेचरवर मित्सुएनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

जीव वाचला. वाचा गेली. "कळतं त्यांना सगळं," डॉक्टर शिगेकीला म्हणाले, "पण बोलतील की नाही, आत्ता सांगता येत नाही." आणखी उशीर झाला असता तर, असं ते पुढे म्हणाले आणि थांबले. रोवेना खाली मान घालून उभी होती. आपण किती वेळ नुसतं बसून होतो, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा मित्सुए घरी आली. दाराजवळच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. मध्ये फक्त कागदी सरकतं दार. दुसऱ्याच दिवशी हारुए काकू शिजवलेल्या अळकुड्यांचं भांडं घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"काय गं," त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मित्सुए आता बोलणार नाहीच का कधी? मरेपर्यंत असंच पडून राहायचं तिनं?"

रोवेनाला शब्द न् शब्द कळला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. जुळवावं लागलं नाही, पुन्हा विचारावं लागलं नाही, वाक्य थेट काळजात उतरलं. कागदी दारामागचा श्वासाचा आवाज थांबला होता. मित्सुएही ऐकत होती, उत्तराची वाट बघत होती.

रोवेनानं मान वाकवली आणि कसनुसं हसली. "माफ करा, काकू. तुम्ही काय म्हणालात, मला समजलं नाही."

"अगं बाई! अजून एवढंही कळत नाही हिला," काकू स्वतःशीच पुटपुटल्या. बहिऱ्याशी बोलावं तसं मग ओरडून म्हणाल्या, "खा! गरम! आईला दे!" आणि निघून गेल्या.

भांडं घेऊन रोवेनानं दार सरकवलं. मित्सुए तिच्याकडेच बघत होती. सुनेनं सगळं समजूनही समजलं नाही म्हटलं, हे मित्सुएला कळलं होतं.