सासूबाईंचं विरजण

“ताक कोणी केलं होतं?” पालिकेच्या डॉक्टर मानसी यांनी विचारलं, आणि काळाचौकीच्या त्या चाळीतला अख्खा दुसरा मजला मालनकाकींच्या दाराकडे बघायला लागला.

“मी,” मालनकाकी म्हणाल्या.

बुद्धपौर्णिमेचं जेवण होऊन तीन दिवस झाले होते. साठ माणसं जेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा जणांना जुलाब-उलट्या. शेजारच्या वैशालीची मनाली, दहा वर्षांची पोर, परळला इस्पितळात सलाइनवर होती. जेवण केटररचं. घरचं म्हणाल तर एकच, मालनकाकींचं ताक. मग बोट दुसरीकडे कशाला जातंय? उन्हाळ्याचं ताक, बिघडलं असणार, हे पहिल्यांदा वैशालीच बोलली. मनाली दिवसभर त्या पातेल्याभोवती घुटमळत होती, तिने प्यायलंच असणार, असा तिचा हिशेब.

आता मालनकाकी म्हणजे कोण? पस्तीस वर्षं इस्पितळात आया. जुलाबाच्या वॉर्डात काम करून हात धुण्याची सवय अशी जडलेली की ही बाई साबणालाही आधी साबण लावते, असं अख्खी चाळ चिडवायची. तिच्या हातच्या ताकाला नावं! ते काकींच्या इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी उरलेलं ताक, दही, सगळं मोरीत ओतलं, विरजणासकट. ते विरजण सासूबाईंचं. गिरणीचे भोंगे वाजायचे तेव्हापासून एक दिवसही खंड न पडता चालत आलेलं. अर्ध्या मजल्याचं दही त्यातूनच लागायचं. ओतून झाल्यावर काकी मोरीच्या कट्ट्यावर बसून खूप रडल्या.

त्यामुळे डॉक्टरांनी तपासायला नमुना मागितला तेव्हा द्यायला काहीच नव्हतं. “ओतलं,” एवढंच काकी म्हणाल्या. मागे कुजबुज झाली. चोरी लपवल्यासारखंच दिसलं ते.

दोन दिवस डॉक्टर खोलीखोलीतून फिरल्या. कोणी काय खाल्लं, काय प्यायलं, कोणाला काय झालं, सगळं लिहून घेतलं. इस्पितळात जाऊन मनालीलाही विचारलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं.

जंतू केटररच्या फ्रिजमध्ये उरलेल्या, कापून ठेवलेल्या काकडीत निघाले होते. काकडी सगळ्यांनीच खाल्ली होती. पण ताक प्यायलेल्या चाळीस जणांत आजारी पडले फक्त चार, आणि न प्यायलेल्या विसांत अकरा.

“आणि मनाली?” वैशालीने विचारलं.

“मनालीने ताक घेतलंच नाही. सर्दी आहे म्हणून तुम्हीच नको म्हणाला होता ना?”

वैशालीचं तोंड एवढंसं झालं.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दुधात काही प्रथिनं असतात, कॅल्शियम असतं. ताकात वर आंबटपणा आणि चांगले जंतू. पोटात शिरलेल्या वाईट जंतूंना ही सगळी अडवत असावीत, असं संशोधन आहे. “पण ताक म्हणजे औषध नव्हे हं. एवढ्या आकड्यांवरून मी पैज लावणार नाही. मावशींच्या ताकाने कोणी आजारी पडलं नाही, हे मात्र लिहून देते.”

झालं! बायका लगेच गोड बोलायला लागल्या. काकी, उद्या दही लावा, म्हणाल्या. लावायचं कशानं? सासूबाईंच्या पातेल्यात दुकानातलं विरजण घालायला काकींचा हात धजेना.

त्यांनी एक वाटी घासली, पुन्हा घासली आणि वैशालीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वैशाली नुकतीच इस्पितळातून आली होती. काकींना बघून ती गडबडीने उठली.

“थोडं विरजण दे गं,” काकी म्हणाल्या. “तुझं दही माझ्याच विरजणाचं ना?”

वैशालीने फ्रिज उघडला. अगदी मागे, झाकून ठेवलेलं एक भांडं होतं.

“टाकवलं नाही मला, काकी,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“सांडशील. दोन चमचे पुरे.”

वाटीवर पदर धरून काकी गॅलरीतून आपल्या खोलीकडे निघाल्या. दारादारातल्या बायका बाजूला सरकल्या.