आढ्याचा रिकामा पिंजरा

शेख चांदने बांबू तासून बांधलेला, शेख बुढनने तळ बदललेला आणि शेख मदारने पितळेची कडी बसवलेला तो पिंजरा रहेमतुल्लाने माळावर टेकवला आणि त्यावरचे फडके बाजूला केले. पणजा, आजा आणि बाप, तिघांनीही याच पिंजऱ्यात तितर पाळून रानातले तितर धरले होते. आता आत सुलतान होता. त्याने एकदा मान उंचावली, पूर्वेचा तांबडा पट्टा पाहिला आणि गळा फुगवला.

रहेमतुल्ला घाईने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या आडोशामागे आला. तिथे इंद्रभान कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या घरात बंदूक होती. पण नागपूर सरकारचा परवाना वडिलांच्या, तुळशीरामाच्या नावाचा होता आणि तुळशीराम पौषापासून खाटेवरून उठला नव्हता.

सुलतान बोलला. तीव्र, चढत जाणारा आवाज, आणि शेवटी सावकाश तीन ठोके. असे ठोके देणारा तितर रोहिणखेडच्या शिवारात दुसरा नव्हता. दूरवरून एका रानतितराने त्याला उत्तर दिले.

पिंजऱ्यातला तितर बोलला की रानातला नर भांडायला धावून येतो आणि पिंजऱ्यापुढे मांडलेल्या घोड्याच्या केसांच्या फाशांत त्याचा पाय अडकतो. मात्र तो ज्या अंगाने येणार त्याच अंगाला फासे मांडावे लागतात, आणि ते अंग ओळखायचे असते कानाने. रहेमतुल्लाने फासे उजवीकडे मांडले होते.

"चाचा, तिकडं काऊन मांडले? पाखरू तं या अंगानं बोलून राह्यलं." इंद्रभानने डावीकडे हनुवटी केली.

"बोलते एकीकडून, येते दुसरीकडून. तुले काय समजते त्यातलं?"

इंद्रभानने कुऱ्हाड मांडीवर नीट केली. रहेमतुल्लाने मान फिरवली नाही. गेल्या भादव्यात त्याचा डावा कान फुटला आणि वाहायचा थांबला तो कायमचा मिटूनच. तेव्हापासून जगातला प्रत्येक आवाज त्याला उजवीकडूनच येई. अजानही उजवीकडून आणि मागून येणारी बैलगाडीही उजवीकडून. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. दारातली बकरी, वाटेवरचा बैल, गल्लीतले कुत्रे यांचे कान कुठे वळतात ते पाहून तो आपले तोंड वळवी. रानात मात्र एकटाच जाई, आणि बहुधा रिकामा परत येई.

आज एकटे येता आले नव्हते. काल दिवस कलताना इंद्रभान त्याच्या ओट्यावर येऊन बसला होता.

"बाबाची एकच गोष्ट राह्यली, चाचा. मरायच्या आंधी तसा तितर एकडाव आइकाचा म्हन्ते."

"तसा" म्हणजे कसा, हे सांगावे लागले नाही. मानमोडीच्या साथीत रहेमतुल्लाची बायको सरवरी तापाने निपचित पडली होती. रहेमतुल्ला शेजारच्या खाटेवर तसाच पडलेला, घरचा तितर मेलेला. हकीमसाहेबांनी तितराचा शोरबा सांगितला होता आणि रानात जाणारा गडी गावात उरला नव्हता. तेव्हा तुळशीराम आपला तितर घेऊन दारात आला. माळकरी माणूस, त्याने तो केवळ आवाजासाठी, शेवटच्या तीन ठोक्यांसाठी पाळला होता. त्याने स्वतःच्या हाताने पिंजऱ्याचे दार उघडले, तितर कसाबसा उठून बसलेल्या रहेमतुल्लाच्या हाती दिला आणि सुरी फिरेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. सरवरी वाचली. "असाच बोलनारा देईन, दादा," असा शब्द रहेमतुल्लाने दिला. त्यानंतर अठरा वर्षांत पाच तितर नेऊन दाखवले. तुळशीराम प्रत्येकाला ऐके आणि म्हणे, "चांगला हाये. पन तो नाही." रिकामा पिंजरा त्याने मळ्यातल्या झोपडीच्या आढ्याला टांगून ठेवला होता.

सहावा तितर सुलतान. तीन ठोके तो पहिल्यांदा बोलला त्या दिवसापासून रहेमतुल्लाने त्याला तुळशीरामाच्या मळ्याच्या वाटेने नेलेच नाही.

"सकाळी नवा धरून देतो," असे त्याने इंद्रभानला ओट्यावरच सांगितले. धरलेले रानपाखरू महिना महिना तोंड उघडत नाही, हे इंद्रभानला ठाऊक नव्हते. सरवरीला होते. इंद्रभान गेल्यावर ती चुलीपुढून म्हणाली,

"ते पाखरू माह्या पोटात गेलं. देनं माह्यं हाये, तुमचं नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. जा तुमी. धरा नवा."

सुलतान पुन्हा बोलला. उत्तर आले, या वेळी जवळून. रहेमतुल्लाच्या डोळ्यांपुढे मात्र उजवीकडचा माळ रिकामाच होता. तेवढ्यात समोरच्या बोरीखालून एक कोल्हा बाहेर आला आणि तीस-चाळीस हातांवर बूड टेकून बसला. तितर बोलतो तिथे न्याहारी असते, एवढे त्यालाही कळत होते.

इंद्रभान दगड उचलू लागला. रहेमतुल्लाने त्याचे मनगट धरले.

"राहू दे त्याले."

"पाखराले खाईन नं, चाचा."

"बसू दे म्हनलं."

रानतितर बोलला. कोल्ह्याचे दोन्ही कान डावीकडे वळले. रहेमतुल्लाने सुस्कारा सोडला, वाकून पुढे गेला आणि सगळे फासे उपटून डावीकडे मांडून आला. उठलेला कोल्हा थोडा मागे सरला आणि पुन्हा बसला. इंद्रभान हे सारे पाहत होता. मघाशी आपण हेच सांगितले तर ओरडा खावा लागला आणि एका कोल्ह्याचे म्हणणे चाचाने मुकाट्याने ऐकले, हे काही त्याला उलगडेना.

मग कोल्ह्याचे कान फिरले. या वेळी ते सरळ आडोशावर रोखले गेले. रहेमतुल्लाला वाटले, आपला वास लागला. त्याने श्वास रोखला. कोल्हा उभा राहिला, शेपटी पायांत घेतली आणि बोरीमागे दिसेनासा झाला. माणसाला पाहून कोल्हा असा जात नाही; थांबतो, वळून पाहतो, मग जातो. हा का असा गेला? रहेमतुल्ला त्या विचारात असतानाच वाळल्या गवताची सळसळ झाली. ती उजवीकडे झाली. तो उजवीकडे वळला, हातातली काठी उगारून उभा राहिला. तिथे काहीच नव्हते.

"चाचा, मांगं! डाव्या अंगानं!"

लांडगा त्याच्या डाव्या कोपराला जवळजवळ घासून गेला. राखाडी पाठ, तोंडाचा उग्र दर्प आणि पायांखालची माती, एवढेच त्याला कळले. पिंजरा उलटला. बांबू मोडल्याचा आवाज पुन्हा उजवीकडूनच आला आणि रहेमतुल्ला पुन्हा चुकीकडे धावला. इंद्रभानने कुऱ्हाडीचा दांडा मारला. तो लांडग्याच्या ढुंगणावर बसला की मातीवर, त्याचे त्यालाच समजले नाही. लांडगा चार उड्यांत नाल्यात उतरला. काहीतरी फडफडत त्यांच्या डोक्यांवरून गेले.

दोघे जागच्या जागी उभे राहिले. फाशांत लांडग्याचे केस अडकले होते. पिंजऱ्याची एक बाजू आत दबली होती, दुसरीच्या चार काड्या नाहीशा झाल्या होत्या. पाण्याची पितळी वाटी बाजूला उपडी पडली होती. रक्त कुठेच नव्हते.

"नेला काय त्यानं?" रहेमतुल्लाने विचारले.

"उडाला. म्या पाह्यला उडताना."

आणि मग तो बोलला. चढता आवाज, तीन ठोके. रहेमतुल्ला उजवीकडे दहा पावले चालत गेला, थांबला, परत वळला आणि मग जिथे होता तिथेच गोल फिरला. त्याच्या फेट्याचे टोक सुटून खांद्यावर आले होते. इंद्रभान त्याच्याकडे बघत राहिला. एकाएकी त्याला फासे आठवले आणि कोल्हाही आठवला.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "कान गेला काय तुमचा?"

रहेमतुल्लाने मोडका पिंजरा उचलला. वाटी झटकली, पुसली, कुडत्याच्या खिशात घातली. पुन्हा तीन ठोके ऐकू आले.

"कोनीकडून बोलून राह्यला?" त्याने विचारले. सहा महिन्यांत हे त्याने कोणाला विचारले नव्हते.

इंद्रभानने हात केला. "आमच्या मळ्याकडून."

मळ्याला येईस्तोवर ऊन वर आले होते. झोपडीच्या दारात तुळशीरामाची खाट होती आणि खाटेशेजारी जमिनीवर, पदर डोक्यावरून घेऊन, सरवरी बसली होती. गावापासून अर्धा कोस ती एकटी चालत आली होती. तिने नवऱ्याच्या हातातला मोडका पिंजरा पाहिला, फाशांत अडकलेले लांडग्याचे केस पाहिले.

"हे काय रे, रहेमत? कुस्ती खेळून आला काय?" तुळशीराम म्हणाला. आवाज उरला नव्हता, पण खवचटपणा शाबूत होता.

"लांडगा आल्ता, दादा."

"तुह्यासाठी?"

"पाखरासाठी."

"मंग शहाना होता."

रहेमतुल्ला सरवरीच्या डाव्या हाताला, कुडाला टेकून बसला. झोपडीची उजवी बाजू उघडी होती आणि तिकडे पऱ्हाट्यांचे कुंपण होते; त्याच्या आणि कुंपणाच्या मधोमध सरवरी आली. आढ्याला तो पिंजरा होता. अठरा वर्षे या झोपडीत येऊन त्याने कधी वर पाहिले नव्हते. आज नजर गेली. पिंजऱ्यात कोळ्यांची जाळी धरलेली होती. दार मात्र उघडेच होते.

"तुमाले एक सांगाचं होतं, दादा," तो म्हणाला. "माह्यापाशी तीन वर्सांपासून..."

कुंपणात तितर बोलला.

तुळशीरामाने हात वर केला आणि त्याचे वाक्य तिथेच थांबवले. चढता आवाज संपला. म्हाताऱ्याचे बोट खाटेच्या माचव्यावर उतरले: एक. मग दोन. मग जरा थांबून तीन. कोणीच हालले नाही. तितर पुन्हा बोलला आणि बोट पुन्हा तीनदा उतरले.

सुलतानला बोलावणे सोपे होते. टाळूला जीभ लावून एकदा टकटक केली की तो शंभर हातांवरून धावत येई आणि खांद्यावर चढे. रहेमतुल्लाची जीभ टाळूला लागली. तशीच राहिली.

सरवरीने त्याच्याकडे पाहिले. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, त्याच्यापुढून वळसा घालून गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. कुंपणाच्या आणि त्याच्या उजव्या कानाच्या मध्ये आता कोणी नव्हते.

"तुले मालूम होतं?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"भादव्यापासून," ती म्हणाली.

तितर बोलतच होता. रहेमतुल्लाने टाळूवरून जीभ काढली. खिशातली वाटी त्याने इंद्रभानच्या हातात दिली.

"पानी घालून कुंपनाबुडी ठेव. पाखरू हे वाटी वयखते. रोज ठेवत जाय."

इंद्रभानने डेऱ्यातून वाटी भरली, कुंपणाशी ठेवली आणि परत आला तोवर तुळशीरामाने डोळे मिटले होते. बोट अजून माचव्यावरच होते.

"इंद्रभान."

"हाव, बाबा."

"आढ्याचा पिंजरा उतरव."

इंद्रभान खाटेच्या कडेवर पाय देऊन चढला. दोरी वाळून कडक झाली होती, गाठ सुटेना. त्याने कुऱ्हाडीच्या पात्याने ती कापली. जाळी आणि धूळ सगळ्यांच्या अंगावर सांडली.

"कुठी ठेवू?"

"चुलीत घाल," तुळशीराम म्हणाला. "चहा ठेव दोघाइले."

रहेमतुल्ला उठला. शेख चांदने बांधलेला पिंजरा त्याने चुलीपाशी नेला, पितळेची कडी तेवढी काढून घेतली, आणि तोही जाळायला तुळशीरामाच्या पिंजऱ्यावर ठेवून दिला.